चामखीळ आणि तिचा विषाणू

'चामखीळ' हा शब्द संस्कृतातील 'चर्मकील' या शब्दापासून आला आहे. चर्मकील म्हणजे चामड्यावर ठोकलेला खिळा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात त्याचा निर्देश अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, अध्यायात येतो. देहावर उगवणारा मोड एवढ्या साम्यावरून त्याची गणना तेथे झालेली दिसते. चिकित्सास्थानात मात्र तो मशक आणि तिलकालक यांच्या पंक्तीस बसविलेला असून, शस्त्राने काढावा आणि क्षाराने अथवा अग्नीने डागावा, असा उपचार सांगितला आहे. आजचा त्वचारोगतज्ज्ञ थोड्याफार सुधारलेल्या साधनांनी हेच करतो. यावरून प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असे मात्र सिद्ध होत नाही. रोगाचे कारण न कळताही त्याचा उपचार सापडू शकतो, एवढेच सिद्ध होते. चामखिळीचे कारण कळावयास विसावे शतक उजाडावे लागले.

कारणाकडे वळण्यापूर्वी शब्दाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या नित्याच्या बोलण्यात चामखीळ हे नाव निदान तीन निरनिराळ्या वस्तूंना दिले जाते. हाताच्या बोटांवर, नखांच्या कडेला किंवा तळपायावर येणारा, खरखरीत, फुलकोबीच्या पृष्ठभागासारखा दिसणारा उंचवटा ही पहिली. मानेवर, काखेत किंवा पापणीवर बारीक देठाने लोंबणारी मऊ गाठ ही दुसरी. आणि जन्मतः किंवा तारुण्यात उमटलेला, पुढे उंचावलेला काळसर तीळ अथवा मस ही तिसरी. यांपैकी विषाणूमुळे होते ती फक्त पहिली. दुसरी वाढत्या वयाबरोबर येते. स्थूल आणि मधुमेही व्यक्तींत ती विशेष आढळते, म्हणून मानेवर अशा पुष्कळ गाठी एकाएकी आल्यास रक्तातील साखर तपासून घेणे शहाणपणाचे ठरते. तिसरी म्हणजे त्वचेतील रंगपेशींचा पुंजका होय. प्रस्तुत लेखात चामखीळ हा शब्द पहिल्या अर्थानेच वापरला आहे.

चामखीळ संसर्गजन्य आहे, ही समजूत जुनी आहे. तिला प्रयोगाचा आधार १९०७ साली मिळाला. जिउसेप्पे च्युफो या इटालियन वैद्यकाने चामखिळीचा अर्क जंतू अडवून धरणाऱ्या गाळणीतून गाळला आणि त्या निर्जंतुक द्रवानेही मानवी त्वचेवर पुन्हा चामखीळ उत्पन्न होते, असे दाखवून दिले. गाळणीतून पार होणारे ते द्रव्य विषाणू होते. त्याचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून १९४९ साली दृष्टीस पडले. हाच मानवी पॅपिलोमा विषाणू. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास एच.पी.व्ही. म्हणतात. त्याच्या कणाचा व्यास सुमारे ५५ नॅनोमीटर आहे, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत असे सुमारे अठरा हजार कण ओळीने बसतील. आत वर्तुळाकार डी.एन.ए.चे सुमारे आठ हजार जोड असलेले एकच वेटोळे असते. इतक्या तोकड्या भांडवलावर हा विषाणू जो संसार चालवितो, तो पाहण्यासारखा आहे.

आपली बाह्यत्वचा म्हणजे खालून वर संथपणे चढणारा पेशींचा एक प्रवाहच होय. अगदी तळच्या थरातील पेशी विभागत राहतात. त्यांतून सुटलेल्या पेशी वर सरकू लागल्या की त्यांचे विभाजन थांबते, त्या केराटीन नावाच्या कठीण प्रथिनाने भरत जातात, चपट्या होतात, मरतात आणि सुमारे महिन्याभरात कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. या विषाणूला शिरकाव हवा असतो तो तळच्या थरात. अखंड त्वचेतून तो तेथवर पोहोचू शकत नाही. त्यास एखादे बारीकसे खरचटणे पुरते. स्नानगृहाच्या ओल्या फरशीवर भिजून मऊ झालेली टाच, दातांनी कुरतडलेली नखाची कड, वस्तऱ्याने सोललेली हनुवटी या त्याच्या वाटा होत. दाढी करताना एका चामखिळीवरून फिरलेला वस्तरा गालभर नव्या चामखिळींची रांग पेरतो, हे कित्येकांनी अनुभवले असेल.

तळच्या पेशीत पोहोचल्यावर विषाणू काही काळ गुपचूप राहतो. त्याची खरी अडचण पुढे येते. स्वतःच्या डी.एन.ए.च्या प्रती काढण्याची यंत्रसामग्री त्याच्याजवळ नाही. ती पेशीकडून घ्यावी लागते. परंतु वर सरकणाऱ्या पेशीने तर आपली यंत्रसामग्री बंद केलेली असते. म्हणून विषाणू अशी प्रथिने तयार करतो की ज्यांच्यामुळे पेशी विसावा न घेता विभाजनाच्या तयारीत राहते. पेशींची संख्या वाढते, थर जाड होतो, त्वचा उंचावते, आणि तिलाच आपण चामखीळ म्हणतो. सिद्ध झालेले नवे कण वरच्या मृत पेशींत साठतात आणि त्यांच्या कोंड्याबरोबर बाहेर पडतात. या सर्व व्यवहारात विषाणू रक्तात उतरत नाही आणि कोणतीही जिवंत पेशी फोडत नाही. म्हणूनच शरीराच्या रक्षकयंत्रणेस त्याची चाहूल महिनोन्महिने लागत नाही. पेशीला विभाजनास भाग पाडण्याची ही युक्ती वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण लेखाच्या उत्तरार्धात तिचे प्रयोजन आहे.

या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आज ओळखले गेले असून त्यांना केवळ क्रमांक दिलेले आहेत. प्रत्येक प्रकाराची आवडती जागा ठरलेली असते. हातापायांच्या चामखिळी मुख्यत्वे १, २, ४, २७ आणि ५७ या क्रमांकांच्या. चेहऱ्यावरील बारीक चपट्या चामखिळी ३ आणि १० यांच्या. जननेंद्रियांवरील बहुतेक सर्व ६ आणि ११ यांच्या. यांपैकी हातापायांवरचे प्रकार निकोप मनुष्यात कर्करोग उत्पन्न करीत नाहीत. हे ठासून सांगावयाचे कारण असे की, एच.पी.व्ही. आणि कर्करोग ही दोन नावे अलीकडे वृत्तपत्रांतून जोडीने वाचनात येतात, आणि मुलाच्या बोटावर चामखीळ पाहून आईबाप धास्तावतात. ती धास्ती अस्थानी आहे.

एवढेच नव्हे, तर पुष्कळ चामखिळी आपणहून जातात. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या चामखिळी उपचाराविना दोन वर्षे नुसत्या पाहिल्या असता त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाहीशा झाल्याचे आढळले. रक्षकयंत्रणेस एकदा सुगावा लागला की ती थोड्याच आठवड्यांत सर्व आवरून टाकते. कित्येकदा हातावरच्या दहा-बारा चामखिळी एकदम गळतात. गावोगावच्या नवसांचे, मंत्रांचे आणि घोड्याच्या शेपटीच्या केसाचे यश यातच आहे. जो रोग बहुधा जाणारच आहे, त्यावर शेवटी केलेला उपाय गुणकारी ठरतो.

नवसाने अपाय होत नाही. केस करकचून बांधल्यास लोंबती गाठ गळते हेही खरे. पण रुंद बुडाची चामखीळ त्याने जात नाही, उलट जखम चिघळते. बिब्ब्याची गोष्ट याहून गंभीर आहे. बिब्ब्याचे तेल त्वचा जाळते, आणि ते चामखिळीपुरते राहत नाही; भोवतालच्या निरोगी कातडीवर फोड उठतात, काहींना तर अंगभर गांधी येतात. चुना आणि धुण्याचा सोडा यांचा लेप तिळावर लावण्याची चालही अशीच घातक असून, तिने चेहऱ्यावर कायमचा खड्डा पडलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळास इजा होते. आणि या सर्व उपायांचा सर्वांत मोठा दोष असा की, जे जाळले ते काय होते, हे मग कोणासही सांगता येत नाही.

वैद्यकाच्या हाती असलेले उपायही नम्रच आहेत. त्यांपैकी कोणताही विषाणूस मारीत नाही. सर्व उपाय विषाणूयुक्त पेशी नष्ट करतात आणि रक्षकयंत्रणेस जागे करतात. सॅलिसिलिक आम्लाचा लेप सर्वांत साधा आणि पुराव्याने सर्वांत बळकट. जागा कोमट पाण्यात पाच मिनिटे भिजवावी, वरची मऊ झालेली कातडी हलक्या हाताने घासावी, आणि केवळ चामखिळीवर औषध लावावे. असे रोज, बारा आठवड्यांपर्यंत. बहुतेक लोक तीन आठवड्यांत कंटाळतात आणि औषधास दोष देतात. चेहरा आणि जननेंद्रिये या जागी, तसेच मधुमेही व्यक्तीच्या पायावर, हे औषध आपल्या मनाने लावू नये. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने गोठविणे हा दुसरा उपाय. तो दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा करावा लागतो आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णावर त्याचे पांढुरके किंवा काळसर डाग काही काळ राहतात.

आता प्रश्न उरतो तो वैद्याकडे केव्हा जावे, हा. त्याचे उत्तर चामखीळ किती मोठी यावर फारसे अवलंबून नाही. ही खरोखर चामखीळच आहे ना, या शंकेवर ते अवलंबून आहे. उदाहरणार्थ, तळपायावरील चामखीळ आणि कुरूप यांची गल्लत नेहमी होते. कुरूप म्हणजे दाबाने घट्ट झालेली त्वचा; तिच्यावरून त्वचेच्या रेषा अखंड जातात आणि ती सरळ दाबली असता दुखते. चामखिळीत त्या रेषा तुटतात, ती दोन बाजूंनी चिमटीत धरली असता दुखते, आणि वरचा पापुद्रा काढल्यास बारीक काळे ठिपके दिसतात. ते बी किंवा मूळ नव्हे. त्या गोठलेल्या केशवाहिन्या होत. येथपर्यंतचा भेद घरी ओळखता येतो.

पण काही सोंगे याहून फसवी असतात. त्वचेच्या क्षयाचा एक प्रकार हुबेहूब चामखिळीसारखा दिसतो. पायावर, हातावर किंवा मुलांच्या ढुंगणावर, बहुधा जुन्या खरचटण्याच्या जागी, एकच खरखरीत चट्टा उठतो आणि महिनोन्महिने कडेने पसरत राहतो. मध्यभागी तो बरा होऊन वण उरतो. अनवाणी वावरणाऱ्या आपल्या लोकांत तो अजूनही आढळतो. त्यावर आम्ल लावीत वर्षे घालविणारे रुग्ण भेटतात. वस्तुतः क्षयाच्या नेहमीच्या औषधांनी तो पूर्ण बरा होतो. कानाच्या पाळ्यांवर आणि चेहऱ्यावर गुळगुळीत गाठी उठल्या, किंवा अंगावर बधिर चट्टा दिसला, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन त्याच आठवड्यात सरकारी आरोग्य केंद्र गाठावे. तेथे औषध विनामूल्य मिळते, आणि लवकर घेतल्यास हातापायांचे विकलांगत्व टळते. मुलांच्या अंगावरील मोत्यासारखे, मध्ये खळगा असलेले बारीक दाणे हे मोलस्कम नावाच्या निराळ्याच विषाणूचे असतात. ते बहुतांशी निरुपद्रवी आहेत.

जो उंचवटा सहज रक्त गाळतो, ज्यावर व्रण पडून तो तीन-चार आठवड्यांत भरून येत नाही, जो थोड्या काळात झपाट्याने वाढतो, तो तज्ज्ञास दाखविलाच पाहिजे. त्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज कोणी निर्णय देऊ नये. पन्नाशीनंतर प्रथमच आलेली एकटी 'चामखीळ' आणि नखाखाली वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेली चामखीळ यांनाही हाच न्याय लावावा, कारण त्वचेचा कर्करोग या दोन्ही वेषांत येऊ शकतो. रंगपेशींचा कर्करोग आपल्या लोकांत विरळा आहे. परंतु होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, जेथे कोणी पाहत नाही. तेथे नवा काळा डाग किंवा नखात रुंदावत जाणारी काळी रेघ दिसल्यास विलंब करू नये. मधुमेही, अवयवरोपण झालेले आणि एच.आय.व्ही.बाधित यांच्या चामखिळी अनेक आणि हट्टी असतात. अशांनी घरगुती उपायांच्या वाटेस जाऊ नये.

जननेंद्रियांवरील चामखिळींविषयी संकोचामुळे जेवढे नुकसान होते तेवढे खुद्द चामखिळींनी होत नाही. ६ आणि ११ हे प्रकार कर्करोगाचे नव्हेत. तथापि वैद्यास दाखविणे अवश्य आहे. एक तर उपदंशाच्या दुसऱ्या अवस्थेतील चपटे, ओलसर उंचवटे तसेच दिसतात आणि त्यांचा उपचार अगदी निराळा. दुसरे असे की ज्या मार्गाने हे प्रकार आले त्याच मार्गाने त्यांचे घातक भाऊबंदही आले असण्याचा संभव असतो.

त्या भाऊबंदांचा शोध कसा लागला, हे सांगितल्यावाचून हा विषय अपुरा राहील. गर्भाशयमुखाचा कर्करोग विवाहित स्त्रियांच्या मानाने जोगिणींत क्वचितच होतो, असे व्हेरोना येथील रिगोनी-स्टर्न याने १८४२ सालीच मृत्यूच्या नोंदींवरून नमूद केले होते. सहवासातून काही तरी संक्रमित होते, हे उघड होते. पण काय? १९७०च्या दशकात संशय एका नागीणवर्गीय विषाणूवर होता. हारल्ड त्सुर हाउसेन या जर्मन संशोधकाने मात्र जननेंद्रियांवरील चामखिळींच्या विषाणूचा माग धरला. तो विषाणू त्यास चामखिळींत सापडला, परंतु कर्करोगाच्या पेशींत सापडेना. येथे दुसरा कोणी थांबला असता. त्याच्या प्रयोगशाळेने ज्ञात विषाणूच्या डी.एन.ए.चाच गळ करून, पूर्ण न जुळणारे पण नात्यातले असे डी.एन.ए. त्या पेशींत धुंडाळले, आणि १९८३ साली क्रमांक १६ व पुढील वर्षी क्रमांक १८ हाती लागले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे सत्तर टक्के या दोहोंमुळे होतात. २००८ साली त्सुर हाउसेनला नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोन प्रकारांची युक्ती तीच, जी बोटावरच्या चामखिळीची आहे: पेशीस विभाजनास भाग पाडणे. फरक तीव्रतेचा आहे. त्यांची दोन प्रथिने पेशीचे दोन मुख्य लगामच निकामी करतात. त्यांपैकी एक लगाम विभाजन आवरणारा आणि दुसरा बिघडलेल्या पेशीस मरण्याची आज्ञा देणारा असतो. तरीही दहांपैकी नऊ स्त्रियांत हा संसर्ग सुमारे दोन वर्षांत आपोआप निमतो. उरलेल्यांपैकी काहींत तो पंधरा-वीस वर्षे मुरतो. आणि या सबंध काळात तो उंचवटा दाखवीत नाही, दुखत नाही, खाजत नाही. जो प्रकार उंचवट्याच्या रूपाने दिसतो तो निरुपद्रवी आणि जो घातक तो अदृश्य, अशी ही विषाणूकुळाची विचित्र वाटणी आहे. अवेळी किंवा संबंधानंतर होणारा रक्तस्राव, पाळी गेल्यानंतर पुन्हा दिसलेले रक्त, दुर्गंधियुक्त स्राव ही लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यावी हे खरेच. पण ती दिसेपर्यंत रोग बहुधा पुढे गेलेला असतो. भारतात दरवर्षी सव्वा लाखांच्या आसपास स्त्रियांना हा कर्करोग होतो.

लक्षणांची वाट न पाहता तपासणी केली तर काय साधते, याचे एक ठोस उत्तर आपल्याच मराठवाड्यातून मिळाले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस पुरेशी ठाऊक नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ सालापासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईची टाटा स्मारक संस्था आणि लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक विस्तृत प्रयोग केला. एका गटाची विषाणूसाठी चाचणी, दुसऱ्याची पेशींची तपासणी, तिसऱ्याची ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथा गट तपासणीविना. प्रत्येकीची चाचणी एकदाच. आठ वर्षांच्या अंती, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते. विषाणूचाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत ३४. मधल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. चौथ्या गटास तपासणीविना ठेवण्यावर पुढे टीका झाली, आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. त्या ६४ जणी आपल्याच गावांतल्या होत्या. परंतु आयुष्यातील एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, हे जगाला या खेड्यांनी शिकविले. ॲसेटिक आम्लाची स्वस्त पाहणीही टाकाऊ नव्हे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ती दर दोन वर्षांनी केली असता मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे टाटा स्मारक संस्थेच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले.

म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येक विवाहित स्त्रीने, काहीही होत नसताना, ही तपासणी करून घ्यावी. विषाणूचाचणीचा नमुना घेण्यास काही मिनिटे पुरतात, आणि तो स्त्रीला स्वतःही घेता येतो. परपुरुषासमोर जाण्याचा संकोच हे ज्यांचे कारण असते त्यांना हे आवर्जून सांगावे. चाचणीत विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे, आणि पतीवर किंवा पत्नीवर दोषारोप करण्यासही तो पुरावा नव्हे. संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो.

लशीविषयी थोडेसे. विषाणूच्या कवचाचे प्रथिन वेगळे तयार केले असता ते आपोआप जुळून पोकळ कवच बनते, आत डी.एन.ए. नसल्याने त्यापासून रोग होऊ शकत नाही, पण रक्षकयंत्रणेस ते खऱ्या विषाणूसारखेच भासते. या तत्त्वावरील पहिली लस २००६ साली उपलब्ध झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हावॅक' या लशीस २०२२ साली भारतात मान्यता मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध आहे. संसर्ग होण्यापूर्वी, म्हणजे ९ ते १४ या वयात, ती दिल्यास सर्वांत परिणामकारक ठरते. झालेला संसर्ग ती घालवीत नाही, आणि सर्व घातक प्रकार तिच्या कक्षेत येत नसल्यामुळे लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तिशीत तपासणी चुकत नाही. बोटावरच्या चामखिळीवर मात्र तिचा उपयोग होईल अशी अपेक्षा ठेवू नये. ते क्रमांक तिच्यात नाहीत.